तोमासाच्या भाकऱ्या

मंगळवार, ११ मार्च

आज सकाळी आईची टोपली डुकरांपुढे रिकामी केली. कालच्या साठ-सत्तर भाकऱ्या — चुन्यात शिजवलेला मका, पाट्यावर वाटलेला, हाताने थापलेला. ओतण्याआधी एक उचलली आणि मीठ लावून उभ्यानेच खाल्ली. सगळ्या किनाऱ्यावर अशी भाकरी नाही. डुकरांना ते कळतं.

तीन वर्षं हेच चाललंय. आई खानावळीच्या दारात तव्यापाशी बसते. सुट्टीवर आलेले परदेशी लोक फोटो काढतात, "तोमासा आजी, तोमासा आजी" करतात. टोपली भरली की आत जाते. आत माझा मावसभाऊ एवेलिओ — खानावळ त्याची, मासे भाजणारा मी — टोपलीवरचं भरतकामाचं फडकं काढतो आणि यंत्रावरच्या पातळ भाकऱ्यांवर घालतो. त्याच टेबलांवर जातात. आईच्या भाकऱ्या जाड असतात, धुराचा वास येतो, अशी तक्रार होती. आईला यातलं काही ठाऊक नाही.

शुक्रवार, १४ मार्च

ईस्टरआधीच्या उपासकाळातला शुक्रवार. मटण बंद, म्हणून गावातले लोकही मासे खायला आले. खारफुटीच्या निखाऱ्यांवर चाळीस तांबोश्या भाजल्या. मिरचीचं वाटण छान लागलं होतं.

एका गोऱ्या बाईने आईच्या हाताचा मुका घेतला. आई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बघ. जग माझ्या हातचं खातं. तू काय, माशाला वारा घालतोस. एवेलिओ माझ्या पोटी यायला हवा होता."

"असू दे गं मावशी," एवेलिओ म्हणाला, "निखारे फुंकायलाही कुणीतरी लागतंच."

वेटर हसले. मीही हसलो.

रविवार, २३ मार्च

चर्चमधल्या मिसाहून आल्यावर एवेलिओला म्हटलं, आईला खरं सांगू या. तो कोळंबीवर लिंबू पिळत होता. मान वर केली नाही.

"सांग की. महिन्याभरात मरेल. मग तू बस तव्यापाशी, परकर नेसून."

सोमवार, ३१ मार्च

वारा फार. गिऱ्हाईक कमी. डुकरं चांगली पोसली गेलीत.

शनिवार, ५ एप्रिल

पाद्री आन्सेल्मोंपुढे पापकबुली दिली.

"खोटं बोललास?"

"नाही फादर. गप्प राहिलो."

"तेही खोटंच. सांग तिला. पण मनात माया असेल तेव्हा सांग, इलारिओ. राग असेल तर जीभ चावून गप्प बस."

रोज पहाटे मेणबत्ती लावून मारियामातेकडे माया मागतो. आईबद्दल माया मागावी लागते, हेच मला कबूल करता आलं नाही.

बुधवार, १६ एप्रिल

पवित्र आठवडा. वाळूत पाय ठेवायला जागा नाही. एका टेबलावरच्या परदेशी लोकांनी वेटरकरवी आईला विचारलं, तो मासे भाजणारा कोण?

"तो? माझा मुलगा. बायको सोडून गेली त्याला. बरोबरच केलं तिने. मासासुद्धा त्याच्या हातून एका बाजूने कच्चा राहतो."

वेटरने शब्द न् शब्द भाषांतर केलं. टेबल खो खो हसलं. एकाने आम्हा दोघांचा फोटो काढला. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोटोपुरता.

माया मागून एवढे दिवस झाले. आली नाही. आता तिच्यासाठी थांबणार नाही.

शनिवार, १९ एप्रिल

काल सांगितलं. भरल्या दुपारी, सगळ्यांसमोर, मोठ्याने — "आई, तुझ्या भाकऱ्या डुकरं खातात. तीन वर्षं झाली."

भाकरी उलटायला गेलेला तिचा हात तव्यावरच राहिला.

मी शेजारीच उभा होतो. बघत होतो. एवेलिओ आतून धावत आला, त्याने तिचा हात उचलला.