अर्ध्यात तुटणारं गाणं

पारनेर,
२३ मार्च २०२५

प्रिय महेंद्रदादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. आईने तुझ्यासाठी कुरडया करून ठेवल्यात, त्यातल्या निम्म्या मीच फस्त केल्या. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘बरं, बरं’ म्हणतोस आणि माझं बोलायचं राहून जातं.

यंदा जयंतीला येतो म्हणालास, तेव्हापासून मी आपलं ते इंग्रजी गाणं मोबाईलवर ऐकत सुटलेय. दुपारी मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नसतं. मालक डुलकी काढतात आणि मी कानात वायर घालून बसते. एकाच गाण्याच्या किती तऱ्हा निघाव्यात!

मूळचं तू म्हणायचास तसं भारीच आहे. शेवटी गिटार वर चढत जाते तेव्हा अंगावर काटा येतो. मग त्याच लोकांचा म्हातारपणीचा कार्यक्रम सापडला. गायकाचा आवाज वर पोचत नाही, तर तो गप्प राहतो आणि समोरचे हजारो लोक त्याच्याऐवजी गातात. मी काउंटरवर बसून रडले. चार व्हायोलिनवाल्यांनी केलेलं मात्र फारच इस्त्री केल्यासारखं वाटलं.

आणि एका बाईने तेच गाणं नुसत्या पियानोवर म्हटलंय, अगदी सावकाश. गिटार नाहीच! आधी मला तिचा रागच आला. नंतर तेच पुन्हा पुन्हा लावत बसले. तो जिथे ओरडतो तिथे ती हळू बोलते, आणि गाणं तिचं होऊन जातं. तिला कुणी विचारलं असेल का, की बाई, ही जागा तुझी आहे का?

आता आपलं. अण्णांनी नगरहून आणलेल्या कॅसेटमध्ये गिटार वर चढता चढताच तुटायची आणि हलगी कडाडून भीमगीत लागायचं. कुणीतरी अर्ध्या गाण्यावर भीमगीत भरलं होतं. अण्णांना आणि हलगीवाल्या भीमराजकाकांना वाटलं, गाणं आहेच असं. त्यांनी ते तसंच्या तसं बसवलं आणि आपली बेंजो पार्टी दर जयंतीच्या मिरवणुकीत तसंच वाजवत आली. तू पुण्याला कॉलेजात गिटार शिकलास, पूर्ण गाणं ऐकून आलास आणि सगळ्या पार्टीसमोर अण्णांना म्हणालास, “इतकी वर्षं तुमी चुकीचं वाजवताय.” खोटं नव्हतं ते. पण पोरं हसली, आणि अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे तुमचं काय काय झालं ते तुम्हा दोघांनाच माहीत. तू जयंतीला यायचा बंद झालास, एवढं मला माहीत.

दादा, सगळं ऐकून झाल्यावर सांगते, मला आपलंच जास्त आवडतं. गिटारची जागा संपून हलगी लागते ना, तिथे ओट्यावर बसलेल्या बायासुद्धा पदर खोचून खाली उतरतात. मूळ गाण्यात कुठे आहे हे?

किती घोळ घालतेय मी. सरळ लिहिते. तू गेल्यावर तुझा बेंजो मी शिकले. सरावाला मीच वाजवायचे, पण जयंतीला अण्णा सुप्याहून वाजवणारा आणायचे. गेल्या वर्षी तो आयत्या वेळी आला नाही, म्हणून मी टेम्पोवर चढले. अण्णा म्हणाले, “यंदापुरतं.” आणि आता तू येणार म्हटल्यावर त्यांनी बेंजो तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय. मला सरावालाही हात लावू देत नाहीत. दादा, मला वाजवायचंय. तूच अण्णांना सांग, जयू वाजवेल म्हणून. तुझं ते ऐकतील.

हे लिहिलं आणि माझाच मला राग आला. पत्र तसंच टाकून अण्णांकडे गेले. ते अंगणात बेंजोच्या तारा पुसत होते.

“अण्णा, जयंतीला मीच वाजवनार.”

ते पुसतच राहिले. मग म्हणाले, “तू त्याच्यापरीस ग्वाड वाजवतीस. मला काय कळत न्हाई व्हय?”

“मंग?”

“त्याला वाजवाय न्हाई दिलं तर त्यो कशाला यील, जयू?”

याचं उत्तर तुझ्याकडेच आहे.

आणखी एक. तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे, पण कळवते. दिवाळीपासून अण्णांच्या उजव्या अंगात जोर नाही. ढोलकी सुटली. तरी मिरवणुकीत टेम्पोवर बसणारच म्हणतात. दोघांनी उचलून चढवावं लागेल, आणि टेम्पो हलला की कुणीतरी त्यांना धरून बसावं लागेल. भीमराजकाका हलगीवर असतील. माझे दोन्ही हात बेंजोवर असतील.

तू गिटार आणू नकोस, दादा. मोकळ्या हातांनी ये.

बेंजो न सोडणारी,
तुझी धाकटी बहीण
जयमाला