संक्रांतीचं तळं

८ जानेवारी १९८४, रविवार

जिन्यात हळदीकुंकवाची बोलणी सुरू झाली! मथुराकाकू वाण म्हणून गाळण्या देणार, मार्तंडची बायको साबणदाण्या. मला पाहिलं की आवाज खाली. का खाली? मी काय वाण मागायला येणार आहे?

असू दे. आमचं ठरलेलं आहे. संक्रांत झाली की पहिल्या रविवारी शुभा आणि मी — मालाडहून मार्व्याची बस, मग खाडी ओलांडायला तरीची होडी, मनोरीला उतरून चालत तळं. दोघी विधवा, कुंकवाला कुणी बोलवत नाही. पहिल्या वर्षी नुसत्या चिडून घराबाहेर पडलो होतो, कुठं जायचं तेही ठाऊक नव्हतं. भटकत तळ्याशी पोचलो आणि बघतो तर पाणी दिसेना, इतकी बदकं! शुभा म्हणाली, "शकु, एवढ्या लांबून आली ही. यांना कुणी आमंत्रण दिलं गं?" हसून हसून पोट दुखलं. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही.

दिवाळीत ती बोरिवलीला भावाकडे राहायला गेली. शेजारची खोली अजून रिकामीच आहे. दोन महिन्यांचं बोलणं साठलंय.

१२ जानेवारी

दुर्बीण पुसली. तिळाच्या वड्या केल्या. पाक जरा जास्तच झाला, दगड झाल्यात. शुभाला तशाच आवडतात.

१३ जानेवारी

वाण्याच्या दुकानात शुभाचा फोन. ताप आलाय. "पुढं कधीतरी जाऊ. तू एकटी जाऊ नकोस हं." दोनदा बजावलं. किती काळजी!

१५ जानेवारी, रविवार

गेलेच. घरात बसून दारावरून जाणाऱ्या साड्या बघायच्या?

तळं भरलेलं. थापट्या बदकं चोच पाण्यात घालून गाळत सुटली होती, तलवार बदकं मधोमध, कडेला लांब लाल पायांचे शेकाटे. वनखात्याची 'शिकार मना'ची पाटी नवी रंगवलीय. दुर्बिणीतून बघता बघता सवयीनं शेजारी हात केला — घे, तू बघ. शेजारी कोण असणार!

एवढ्यात चंदर रखवालदार आला. "आज एकट्याच? मैत्रीण काल येऊन गेली ना. साहेबांना घेऊन." कोण साहेब? "नवरा ना तिचा! हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र... मी बोललो, पेढे कुठं? तुमाला म्हाईत नाय?"

माहीत आहे, म्हटलं. त्याच्यासमोर रडणार नव्हते. तरीत बसल्यावर रडले.

काल तिला ताप होता!

१६ जानेवारी

कारखान्यात दिवसभर लेबलं उलटी चिकटवली. सुपरवायझर ओरडला. ओरड बाबा.

१९ जानेवारी

लग्न केलं म्हणून राग नाही. देवाशपथ नाही. तिचं वय ते काय! करू दे. पण मला सांगायचं नाही? मी काय दृष्ट लावणार होते? आणि त्याला न्यायला दुसरी जागा नव्हती? जुहू होतं की! भेळ खायची, घोड्यावर बसायचं. तळंच कशाला? वर मला तापाची थाप.

विश्वासघात म्हणतात तो हाच. शब्द मोठा वाटतो, पण दुसरा सापडत नाही.

वड्या मथुराकाकूंच्या मुलांना देऊन टाकल्या. त्यांनी त्यांचा चेंडू करून चेंडूफळी खेळली.

५ फेब्रुवारी, रविवार

शुभा आली! रथसप्तमीला तिच्याकडे हळदीकुंकू. बिल्डिंगभर आमंत्रणं करत फिरली, माझं दार शेवटचं. केसात गजरा. छान दिसत होती, मेली.

"सांगणारच होते गं." कधी? "तुला वाईट वाटेल म्हणून..." नवरा बोरिवलीत राहतो, पहिली बायको वारली. दिवाळीतच रजिस्टर लग्न. म्हणजे भावाकडे गेली तेही खोटं! मी तोंडाला येईल ते बोलले. ती रडली, मग मीही. मग चहा टाकला. खरं सांगायचं तर राग निम्मा उतरला होता.

निघताना दारात थांबली. "तूही ये ना. फक्त... सगळ्या गेल्यावर ये. सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत गं, त्यांच्यापुढं माझं काही चालत नाही."

बरं, म्हटलं. कपबश्या धुतल्या. त्या कधी न पाहिलेल्या म्हातारीचा असा काही राग आला की बशीचा टवका उडाला. गरीब बिचारी शुभा, कुठं जाऊन पडली!

रथसप्तमी

सगळ्यांच्या आधीच गेले. म्हटलं, म्हातारीनं हाकललं तर हाकलू दे. एकदा तोंडावर ऐकवायचंच.

दार सासूबाईंनीच उघडलं. "शकु मा तू? ये गो बाय, भायर कित्याक उभी?" मी म्हटलं, मी विधवा आहे. "ठावक आसा माका. माझी सून कोण होती तर?" आणि कपाळाला कुंकू लावलंसुद्धा! "कधीपासून सांगतंय तिका, शकुक पयली बोलव. ती म्हणता, शकुक ह्या आवडणा नाय, ती येवची नाय."

शुभा मागं तबक घेऊन उभी होती. तिनं वर पाहिलं नाही.