रविवारी केलेला फोन आलाच नाही, असे कळविल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
बालसंरक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : संकटातील मुलांसाठी रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही, फोन उचलणारे आणि प्रत्यक्ष येणारे माणूस नेमण्याबाबत.

संदर्भ : 'आपण रविवारी केलेला फोन आल्याचे आढळून येत नाही' असे कळविणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार बाई राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर छोटे पार्लर चालवते. तिसऱ्या मजल्यावर आठ वर्षांची एक मुलगी काका-काकूंकडे राहत होती. तिला सगळे गोटी म्हणत. आई वारलेली, वडील बोटीवर नोकरीला. शाळा सुटली की मागच्या दाराने पार्लरमध्ये शिरायचे आणि फिरत्या खुर्चीवर गरगर फिरायचे, हा तिचा रोजचा उद्योग. काकाचा हात तिच्यावर उठतो, हे कुणापासून लपून नव्हते. इमारतीच्या भिंती पातळ आणि माणसांची कातडी जाड, एवढेच नमूद करते.

२. आपल्या कार्यालयातील समाजसेविका (यापुढे 'ताई') अर्जदाराकडे केस कापायला येत. एकदा गोटीच्या पाठीवरचे वळ पाहून त्यांनी तिला मांडीवर बसवले आणि म्हणाल्या, "बाळ, तुला काही झालं ना, की या मावशीला सांग. मावशी मला सांगेल. मी धावत येईन." अर्जदारालाही त्यांनी स्वतःचा नंबर दिला. "वेळकाळ बघू नका हो, आमचं काम चोवीस तासांचं." गोटीने नंतर विचारले, "खरंच येतील?" अर्जदाराने छातीठोकपणे सांगितले, "येतील म्हणजे येतीलच." आपल्या कार्यालयाची हमी अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने दिली, ही बाब कृपया ध्यानात घ्यावी.

३. त्यानंतरच्या एका रविवारी, भर दुपारी, पार्लरमध्ये गिऱ्हाईक बसलेले असताना गोटी मागच्या दाराने आली. रडत नव्हती. डावा हात पुढे धरून उभी होती. तळव्यावर गरम इस्त्री टेकवल्याचा डाग होता. शाळेच्या गणवेशाला नीट इस्त्री केली नाही, एवढाच तिचा गुन्हा. अर्जदाराने हात गार पाण्याखाली धरला आणि कार्यालयात फोन लावला. तेथे कार्यालयाच्या वेळा सांगणारा मंजुळ आवाज लागला. मग ताईंना लावला. ताईंनी उचलला. "अहो, आज सुट्टी आहे ना! पाहुणे आलेत घरी. उद्या अकराला या, रीतसर नोंद करू." मुलीचे काय करू, असे विचारता त्या म्हणाल्या, "ठेवून घ्या तुमच्याकडे, मी बघते." हे बोलणे फोनच्या स्पीकरवर चालू होते. गिऱ्हाईक साक्षीला आहे. डोक्याला मेंदी लावलेली असल्याने तिला उठून जाणेही शक्य नव्हते.

४. अर्जदाराने गोटीला ठेवून घेतले, डॉक्टरांकडून मलमपट्टी करून आणली. संध्याकाळी काका दोन पोलिसांना घेऊन दारात. मूल पळवल्याची तक्रार! अर्जदाराने ताईंचे नाव सांगितले. हवालदारसाहेबांनी तिच्यासमोर ताईंना फोन लावला. फोन ठेवून ते म्हणाले, "बाई, त्या म्हणतात, आज त्यांना कुणाचा फोनच आलेला नाही." ताईंचे केस अर्जदाराने कापले होते. ताईंनी तिचा केसाने गळा कापला. गोटीने अर्जदाराचा ॲप्रन घट्ट धरून ठेवला होता. तिची बोटे काकाने एकेक करून सोडवली. भाजलेल्या हाताचीसुद्धा.

५. सोमवारी गोटी शाळेत गेली तेव्हा तिचा दुसरा हातही भाजलेला होता. वर्गशिक्षिकेने तिला थेट दवाखान्यात नेले आणि मग चक्रे फिरली. काका अटकेत आहे. गोटी तिच्या सख्ख्या मावशीकडे आहे आणि सुखरूप आहे. अर्जदारावरची तक्रार मात्र अद्याप तशीच आहे. मुलांना घेऊन येणाऱ्या आया आता पुढच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये जातात.

६. अर्जदाराने आपल्याकडे दाद मागितली असता संदर्भीय पत्र आले. त्यात म्हटले आहे की, सुट्टीच्या दिवशी फोन नोंदविण्याची तरतूद नाही. न नोंदविलेला फोन आलेला समजता येत नाही. सबब ताईंचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. हे पत्र अर्जदाराने तीनदा वाचले. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आले. तिसऱ्यांदा, महोदय, भीती वाटली.

७. तरी विनंती की, आपल्या कार्यालयात सदासर्वकाळ एक जागे माणूस असावे. त्याला गाडी असावी, मुलाला रात्रीपुरते सुरक्षित ठेवायला एक खोली असावी, आणि फोन आला तर 'आला' म्हणण्याची परवानगी असावी. हे जमणार नसेल, तर निदान ताईंनी कुठल्याही मुलाला मांडीवर बसवून शब्द देऊ नये, असा लेखी आदेश काढावा.

८. शेवटची बाब. चौकशीच्या दिवशी आपल्याच कार्यालयात ताईंनी गोटीला गोड आवाजात विचारले, "बाळ, पुन्हा असं काही झालं तर कुणाला सांगशील?" अर्जदार समोरच बसली होती. गोटीने एकदा ताईंकडे पाहिले, एकदा अर्जदाराकडे, सारख्याच नजरेने. म्हणाली, "कुणालाच नाही. सांगितलं की परत पाठवतात."

ताईंनी शेरा लिहिला : 'मुलगी सहकार्य करीत नाही.'

तो शेरा खोडावा, ही विनंती.

आपली, अजूनही नम्र,
(सही)
अर्जदार, तळमजल्यावरील पार्लरवाली

सोबत : १) डॉक्टरांचा दाखला २) आपले पत्र (मूळ प्रत, अर्जदारास ते घरात ठेवणे नको आहे)