बिडीचा धूर आणि बोरीतलं मोहोळ

आबा, तिकडं सगळी बरी आहात ना? आईचे गुडघे आता दुखत नसतील, तिथं कुठल्या विहिरीच्या पायऱ्या! धाकल्या चुलत्यांचा दमा बसला का? थोरल्या आत्याला नीट दिसतं का, की अजून तुम्हालाच हाका मारून सुईत दोरा ओवून घेते? आणि तुमचं तोंड? भाकरी चावून खाता ना? शेवटी शेवटी आई ती ताकात कुस्करून द्यायची, तर "आता रांगायला बी लाव मला," म्हणून तुम्ही तिलाच हसवायचा. आम्ही इकडं शिरूरला बरे आहोत. ह्यांची साखर ताब्यात आहे, माझी जीभ तेवढी नाही.

आज बसले ती एवढ्यासाठी, की तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं. दौंडच्या दवाखान्यात तुम्ही स्टुलावर बसलेले, मी मागं उभी. गालाच्या आतला चट्टा बघून डॉक्टर म्हणाले, कॅन्सर वाटतोय, पुण्याला जावं लागेल, आणि बिडी आजपासून बंद. मी पुण्याच्या खर्चाचा हिशेब मांडतेय, आणि तुम्ही विचारता, "डॉक्टरसाहेब, पायात काटा मोडला तर अंग त्याला पू करून भायेर काढतं. मग ह्यो एवढा गालात वाढला, तवा अंग झोपलं व्हतं का?" डॉक्टर हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "आबा, हे मलाही पुरतं ठाऊक नाही. कुणीतरी शोधायला पाहिजे." बाहेर आल्यावर तुम्ही बिडीचं बंडल माझ्या हातात दिलंत. "चुलीत घाल. पर माझ्यासमोर नगं."

तो प्रश्न मी घरात इतक्यांदा सांगितला, की पोरांनी तो दुधाबरोबरच प्यायला. माझी नात, तुमची पणती, आता पुण्यात नेमकं तेच शिकते. तोंडाच्या कॅन्सरमधल्या पेशी काचेखाली बघते. दिवाळीला आली तेव्हा लसूण सोलता सोलता मी तिला धरलंच. ती म्हणाली, "आजी, अंगात राखणदार पेशी असतात. बिघडलेली पेशी दिसली की तिला मारायचं, हे त्यांचं काम. पण बिडी-सिगारेटच्या धुरानं त्यांतल्या काही कमी होतात, काही जागेवर असून नुसत्या बसून राहतात. मग कॅन्सरला रान मोकळं."

"अगं, म्हणजे त्या बारक्या फुलोरी मधमाश्यांचं मोहोळच की!" मी म्हणाले. "ते कसं?" तिनं विचारलं.

मग तिला सांगितलं. पाटसच्या साखर कारखान्यातून पाळी करून येताना बांधावरच्या बोरीत तुम्हाला मोहोळ दिसायचं. बाकीचे लोक चिंध्या पेटवायचे, तुम्ही मात्र बिडीचा लांब झुरका घेऊन तोंडानंच धूर सोडायचा. माश्या बावरून बाजूला सरकायच्या. नांगी असून डंख नाही. तुम्ही मधाचा भाग अलगद कापून घ्यायचा, पहिला तुकडा माझा. "धूर दिला की राखण इसरत्यात बग." आबा, तोच धूर आधी तुमच्या गालातून जात होता!

"अगदी तंतोतंत तसं नाही गं," नात म्हणाली, "पण पुष्कळसं तसंच. मी आता लोकांना असंच सांगणार."

म्हटलं, लोकांना सांगणं तर तुझ्या पणजोबांनीच सुरू केलं. ऑपरेशननं गाल आत ओढला होता, तरी तुम्ही उपरण्यानं तोंड झाकलं नाहीत. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या गेटवर उभं राहून तरण्या गड्यांना आ करून दाखवायचा. एकानं टोमणा मारला, "आबा, आता मधाची चव तरी लागती का?" तुम्ही म्हणालात, "लागती की! धुराची गेली, म्हणून ज्यादाच लागती." तो ओशाळला, आणि कानावरची बिडी काढून मुठीत चुरगाळली. किती जणांनी सोडली ठाऊक नाही. माझ्या भावानं सोडली, तो आज नातवंडं खेळवतो.

आता जो तो म्हणतो, नातीनं नाव काढलं. मी मान डोलावते. पण खरं सांगू? तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काचेखाली बघणारी ती नसते, गेटवर आ करून उभे असलेले तुम्ही असता.

हे पत्र टपालात कुठं टाकणार? मधाच्या रिकाम्या बरणीखाली ठेवते. उत्तर मात्र लवकर धाडा. तुम्ही आणलेल्या पुड्यांच्या कागदांवर मी अक्षरं शिकले, तुम्ही शिकला नाहीत, ते राहू द्या. नुसता अंगठा उठवून पाठवा. मी ओळखीन.