जात्यावरचं फ्रेंच

प्रिय विसराळू विशाखा,

बापाले तीन पानं लिहिते, आन आजीसाठी एक ओळ नाही! मी जिती हाय, एवढं तरी ध्यानात हाय ना? मी सांगून राह्यली आन शेजारची वच्छला लिहून राह्यली. ‘विसराळू’ खोडू का म्हणते. खोडू नको म्हटलं.

तुझ्या बापानं, शेषरावानं, तुझं पत्र वाचून दाखवलं, तवापासून माझं डोकं तापलं हाय. कॉलेजात बाईंनी तुले फ्रेंच क्रियापद म्हणून दाखवाले उभं केलं, म्हणता म्हणता तुझा हात जातं फिरवल्यासारखा फिराले लागला, आन सारा वर्ग हसला. बाईही हसल्या म्हणे. हसाले काय झालं? उन्हाळ्यात तू माझ्यासमोर बसूनच तर ते पाठ केलं. डाळ भरडता भरडता शब्दाचे तुकडे पाडे. ‘नू’ म्हटलं का खुंटा धरायचा, ‘पार’ले ढकलायचा, ‘लों’ले ओढायचा. आमी बोलतो, असा त्याचा अर्थ. ‘पारलों’चे तुकडे दोन, पण ‘फिनिसों’चे, म्हंजे ‘आमी संपवतो’चे, तीन, मंग खुंटा अर्ध्यातच अडे आन तू जात्यावर चिडे. ‘ते बोलतात’ले नुसतं ‘ईल पार्ल’ म्हणायचं. पुढं अजून तीन अक्षरं लिहितात, पण बोलत नाहीत, म्हणे. मंग लिहितात कायले? शाई फुकट भेटते काय त्या मुलखात? त्याले कोणी हसत नाही, आन माझ्या नातीच्या हाताले हसतात!

राग तुझाही आला. तू हात ओढणीत कोंबला, आन तवापासून वर्गात तोंडच उघडत नाहीस. तुझा आजा नागपुरातून धम्माची दीक्षा घेऊन आला, त्या दिवसापासून या घरात कोणी मान खाली घालून बोललं नाही. तू काहून सुरू करतेस?

आता पत्र कायले धाडलं ते ऐक. ‘बाबा, तोंडी परीक्षेच्या आधी मले घरी न्या,’ असं तू लिहिलं. शेषराव आज मालेगावातून नागपूरची एस्टी धरणार होता. त्याच्या चपला मी पेटीत कोंडल्या, आन त्याच पेटीवर बसून हे सांगून राह्यली. तो अंगणात अनवाणी येरझारा घालून राह्यला. तुले न्याले कोणी येत नाही. परीक्षेले जा. हात फिरला तर फिरू दे, पण बोल.

तुझीच रागावलेली,
पंचफुला आजी

ता. क. पास झाली का संत्राबर्फी पाठव. नापास झाली तरी पाठव. गप बसून आली, तर मात्र काही पाठवू नको.