सात माशांचा मेमो

सोमवार, २० नोव्हेंबर १९७२

शाळेच्या फाटकातच शिपाई तुकाराममामा उभे. "बाई, तीन गेलं." म्हटलं कुणाच्या घरी काय झालं. तर टाकीतले मासे.

बालदिनाला संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी शाळेला काचेची टाकी दिली, दहा सोनेरी मासे घालून. काचेवर लाल रंगात दात्याचं नाव, माशांपेक्षा मोठं. सांभाळायचं काम माझ्याकडे, कारण हेडसरांच्या मते बायकांना संगोपनाची आवड असते. शास्त्राचे आणखी दोन शिक्षक आहेत. त्यांना आवड नसते वाटतं.

आज सगळ्या स्टाफसमोर हेडसर म्हणाले, आठवडाही झाला नाही बाई, आता साहेबांना मी काय सांगू? जसं काही मीच मान मुरगळली. गप्प बसले. प्रोबेशनचं दुसरं वर्ष. जूनमध्ये कायम करायचं की नारळ द्यायचा ते यांच्या शेऱ्यावर. या नोकरीच्या भरवशावर खोली घेतली, आईला इकडे आणलं. गप्प बसायला किती त्रास होतो ते कुणाला सांगू.

बुध. २२ नोव्हें.

कारण कळलं. खरं तर नाकालाच कळायला हवं होतं. नळ तिसऱ्या दिवशी येतो, तळाला गेलेल्या तलावाचं गढूळ पाणी, म्हणून ब्लीचिंग पावडर भरपूर घालतात. घालायलाच हवी, नाहीतर कॉलरा. पण ते पाणी मामा नळाला आलं की थेट टाकीत ओततात. हेडसरांचीच ऑर्डर: टाकी रोज ताजी दिसली पाहिजे.

हेडसरांना जाऊन सांगितलं. म्हणाले, "माणसं पितात ते पाणी. माशांना बरं सोसत नाही?" अहो, माणूस पाणी पितो, मासा त्यात श्वास घेतो. आठवीतल्या पोराला समजतं. यांना वीस वर्षांची सर्व्हिस.

शनि. २५ नोव्हें.

सोपा उपाय. पाणी दोन दिवस उघड्यावर ठेवायचं, क्लोरीन उडून जातो. परवा दोन बादल्या व्हरांड्यात भरून ठेवल्या. आज बघते तर रिकाम्या. बाहेरच्या कडुनिंबाचं आळं ओलं.

मामांवर ओरडले. पोरांसमोर. नको होतं ओरडायला.

मामा शांतपणे म्हणाले, "शिळं झालं हुतं बाई. आमी घरी शिळं पेतो. पन द्येवाला आन् मुक्या जीवाला ताजंच घालावं."

मामांच्या वस्तीवर नळ नाही, त्यांची बायको टँकरला सकाळपासून हंडा घेऊन उभी असते. आणि हा माणूस माझ्या माशांना शिळ्या पाण्यापासून जपतो. दुपारी त्यांना नीट समजावलं. मान हलवली. पटलं नाही, पण बाई म्हणते म्हणून ठेवतील.

बुध. २९ नोव्हें.

बादल्यांचं काही खरं नाही. एका बादलीत सातवीच्या पोरांनी हात धुतले, दुसरी स्टाफरूमच्या चहाला गेली. दुष्काळात पाणी नुसतं 'ठेवलेलं' दिसलं की लोकांचा हात जाणारच. विहिरीचं पाणी मचूळ, तेही तळाला चार घागरी.

तेवढ्यात हेडसरांचा शोध. तुरटी! "आमच्या आजीपासून चालत आलंय." मी म्हटलं सर, तुरटीनं गाळ बसतो, क्लोरीन जात नाही. तर म्हणाले, पुस्तकं तुम्ही एकट्याच वाचता का. स्वतःच्या हातानं तुरटीचा खडा टाकीत फिरवला. पाणी असं स्वच्छ झालं की पलीकडच्या भिंतीवरचा नकाशा वाचता येत होता. सर दिवसभर येईल त्याला दाखवत होते.

गुरु. ३० नोव्हें.

स्वच्छ पाण्यात चार मेलेले. स्पष्ट दिसत होते.

शनि. २ डिसें.

मेमो. मला! "आपल्या देखरेखीखालील सात मत्स्य निष्काळजीपणामुळे दगावले. लेखी खुलासा करावा." मत्स्य म्हणे. तुरटी फिरवणारा हात कुणाचा, ते कुठे आहे त्यात? चोर सोडून संन्याशाला फाशी.

आई म्हणाली, मासेच तर आहेत, लिहून दे चुकलं म्हणून. आईवरही चिडले. जेवले नाही. मग भूक लागली तेव्हा गपचूप भाकरी खाल्ली.

रवि. १० डिसें.

नगरला जाऊन आले. एस.टी.त दुष्काळी कामावर निघालेली माणसं, बायकांच्या मांडीवर पोरं, टपावर घमेली आणि फावडी. मी माशांच्या औषधासाठी निघालेय हे शेजारच्या बाईला सांगायची लाज वाटली. दवाखान्यात चाललेय म्हटलं.

एक रेडिओ दुरुस्तीवाला हौसेनं मासे विकतो. त्यानं निळ्या पाण्याची बाटली काढली. "चार थेंब टाका, पाणी अमृत." बाटलीवर माशाचं चित्र, पण आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, कंपनीचं सीक्रेट असतं. किंमत ऐकून बाटली खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. घेतली.

परतताना फोटो स्टुडिओ दिसला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हायपो! बी.एस्सी.ला शिकलो होतो, क्लोरीन मारायला हायपो. स्टुडिओवाले चाचा, बोटं औषधानं पिवळी पडलेली. काय हवंय ते सांगितलं तर हसले. "फोटो पक्का करायचं औषध, बाई. मासे पक्के करणार?" पुडीभर दिलं. खडे खडीसाखरेसारखे. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी ठेवून आले.

मंगळ. १२ डिसें.

कोणतं वापरायचं, बाटली की पुडी? माशांवर प्रयोग करायचा नाही हे पक्कं. तीनच उरलेत.

नववी ब चा तास. पोटॅशियम आयोडाइड आणि साबुदाण्याची पातळ पेज, दोन थेंब व्हिनेगर. नळाचं पाणी ओतलं, क्लोरीन होता म्हणून निळं! पोरं बाकांवर उभी राहिली. एका पेल्यात निळ्या बाटलीचे चार थेंब: रंग गेला. दुसऱ्यात हायपोचा खडा ढवळला: रंग गेला. म्हणजे दोन्हींचं काम एकच. मग ज्यात काय आहे ते मला माहीत आहे, तेच घालणार. बाटली कपाटात मागे टाकली. माझे पैसे गेले, शहाणपण आलं.

मागच्या बाकावरच्या शकुंतलेनं विचारलं, बाई, मग आपण पितो ते? सगळ्यांना नीट सांगितलं की ही पावडर आपल्याला जगवते, तिच्यामुळेच गावात कॉलरा नाही. फक्त माशांना ती सोसत नाही. फळ्यावर लिहून दिलं.

शनि. २३ डिसें.

चार वेळा नळ येऊन गेला. बादलीला गव्हाच्या दाण्याएवढे दोन खडे, ढवळायचं, मग टाकीत. टाकी अख्खी रिकामी करायची नाही, थोडंच पाणी बदलायचं. तिन्ही जिवंत. मामांना मोठं नवल. "लई गुनाचं औशिद हाय." आता तेच घालतात, माझ्यापेक्षा काटेकोर. खडे मोजताना चष्मा लावतात.

हेडसर टाकीजवळून गेले. थांबले, बघितलं, पुढे गेले. मेमो तसाच आहे.

गुरु. ११ जाने. १९७३

हेडसरांनी बोलावलं. कुणा पालकानं सांगितलं म्हणे, बाई शिकवतात नळाचं पाणी विषारी. मी पेला, पेज, आयोडाइड घेऊनच गेले. त्यांच्या टेबलावर पाणी निळं करून दाखवलं, हायपोनं रंग घालवून दाखवला. मेमो मागे घ्या म्हटलं.

त्यांनी उठून दार लावलं.

"बाई, पाणी कमिटीचं अध्यक्षपद कुणाकडे आहे, ठाऊक आहे ना?"

चेअरमनसाहेबांकडे. खरंच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टाकी साहेबांची, मासे साहेबांचे आणि पाणीही साहेबांचंच. मग मासे पाण्यानं मेले हे कागदावर यायचं कसं? कुणाच्या तरी हातून मरायला हवेत. माझा हात रिकामा होता.

वर म्हणतात, तुमचे ते खडे चालू ठेवा, पण बोलू नका.

शनि. २० जाने.

हेडसरांनी खुलासा स्वतःच लिहून आणला. सुंदर अक्षर. "माझ्या निष्काळजीपणामुळे सात मासे मरण पावले, याबद्दल मी दिलगीर आहे." खाली सहीसाठी जागा. सही केली की शेरा उत्तम, जूनमध्ये कायम. नाही केली तर त्यांचा नाइलाज आहे. किती गोड बोलतात.

दोन वर्षं पोरांना सांगतेय, दिसलं ते लिहा, नाही दिसलं ते लिहू नका. आणि मी हे लिहू?

आईला वाचून दाखवलं. मग म्हणाली, खोलीचं काय करायचं?

सोमवारी कागद सहीविनाच हेडसरांना परत देईन.

शुक्र. २६ जाने.

झेंडावंदन झालं. चेअरमनसाहेब टाकीपाशी आले. मी मुलींच्या रांगेजवळ, चार हातांवर. साहेब खूश. मासे चांगले गुबगुबीत झालेत म्हणाले. हेडसर हात जोडून, "तुरटी फिरवतो साहेब. जुना उपाय."

डोक्यात सणक गेली. तोंड उघडलं ते कळलंच नाही.

"साहेब, तुरटी फिरवली त्या रात्रीत चार मेले."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. नळाच्या पाण्यानं मेले असं म्हणायचंय का तुम्हाला, असं सावकाश विचारलं.

"हो," म्हटलं. "पाण्यात पावडर बरोबर पडते, म्हणून गावात कॉलरा नाही. म्हणूनच मासे मेले. तुमचं काम चोख आहे, साहेब. माझंही होतं. मग मेमो मलाच का?"

हेडसर पुढे होऊन म्हणाले, चहा निवतोय. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बाईंची फाइल माझ्याकडे पाठवा म्हणाले आणि चहाला गेले. चांगल्यासाठी मागितली की वाईटासाठी, देव जाणे. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची दिवसभर रिकामी.

सोम. २९ जाने.

फाइल गेली. नेण्याआधी हेडसरांनी व्हरांड्यात गाठलं. आवाज एकदम मऊ. अजून वेळ आहे, सही करा, मी फाइलीत लावतो. साहेबांना माफी मागणारी माणसं आवडतात.

तो कागद मागून घेतला. त्यांना वाटलं झालं. त्यांच्या सुंदर अक्षरावर एक सरळ रेघ मारली आणि सहीच्या जागेत लिहिलं: नळाचं पाणी एक बादली, हायपोचे गव्हाएवढे दोन खडे, नीट ढवळून मगच टाकीत ओतावे. तुरटी घालू नये.

त्याखाली सही केली. उरलेली पुडी तुकाराममामांकडे दिली. जूनमध्ये मी इथे असेन की नाही, माहीत नाही. मासे तीन आहेत.