उपासाला चालणारं मशीन

माय, तुला दम्याचं मशीन मिळालं तेव्हा मला वाटलं होतं, चला, सुटलो. कॅप्सूल आत घालायची, फिरवायची, तोंडाला लावून जोरात ओढायचं, मग गुळणी. सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. तू एका दिवसात शिकलीस. आणि तरी मेहकरच्या डॉक्टरांकडे गेलो की तुझी छाती एका खेपेला मोकळी, तर दुसऱ्या खेपेला सनई. ते औषधावर संशय घेत, मी डॉक्टरांवर. उपास सोडताना तर तुला घास गिळण्याइतकाही श्वास पुरत नसे. समोर ताट धरून बसलेला मी पार घाबरून जायचो, की ही आता हातातून जाते.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, रोज ओढता ना?"

"हाव, रोज. उपास सोडून."

"उपास कोणते?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. अन् श्रावण त आखाच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी भिंतीकडे पाहू लागलो.

"औषध पोटात गेल्यावर उपास कसा राहीन?" तू उलट त्यांनाच समजावलंस.

तो माणूस हसला नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. त्यांनी एक कॅप्सूल उघडून पांढरी भुकटी तुझ्यासमोर धरली. "यात दोन औषधं आहेत, आजी. एक श्वासाच्या नळ्या उघडतं, दुसरं आतली सूज उतरवतं. सूज हळूहळू उतरते, म्हणून खाडा चालत नाही. बाकी सारी दुधातली साखर."

"गाईच्या का म्हशीच्या?"

"गाईच्या."

"मंग हे पहिलेच सांगाले काय झालं होतं?" म्हणत तू उठलीस, आणि सुलतानपूर येईपर्यंत एसटीत शेजारच्या बाईला मशीन उपासाला कसं चालतं ते सांगत राहिलीस. त्यानंतर तुझा एक खाडा नाही. एकादशीला शेंगदाणे भाजता भाजता अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायचीस, मधे खोकला नाही. पुढे गेलीस ती म्हातारपणानं, दम्यानं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. गेल्या महिन्यात मलाही तसंच मशीन दिलं. वाटणीत शेत दादाकडे गेलं, पाटल्या ताईकडे, आणि दमा माझ्याकडे आला. डॉक्टर म्हणाले, आईकडून आला असावा. बायकोनं तोंड पाडलं. तिच्यासाठी मीही पाडलं. आतून मात्र, माय, मला फार बरं वाटलं.